पट्टा कोणाला बांधतात?

काचा पुसणाऱ्यांच्या त्या टोळीत तिला सगळे पाल म्हणत. नाव ऐकायला वाईट, पण दिलं होतं मायेनं. उंच उंच इमारतींच्या बाहेरच्या अंगाला दोरावर लटकून ती काचा पुसायची आणि भिंतीला अशी चिकटून राहायची की खालून बघणाऱ्याला वाटावं, ही इथंच जन्मली, इथंच वाढली. शिवाय तिला एक सवय होती. कुणाच्या दोराची गाठ किंवा पट्ट्याचं बकल नीट नसलं की तिच्या तोंडून आपोआप ‘च्‌ च्‌’ असा आवाज निघायचा. तो ऐकला की भलेभले आडदांड गडी गच्चीच्या कठड्यावरून मुकाट मागे फिरायचे. “पाल चुकचुकली रे, बघा पुन्हा,” असं म्हणत गाठ सोडून नव्यानं बांधायचे. इतरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, या टोळीत ती खरीखुरी चुकचुकायची, आणि आजवर एकदाही उगाच चुकचुकली नव्हती. मग आपणही तिला पालच म्हणू. तिला त्याचा राग नाही, उलट थोडा तोराच आहे.

तर अशा या बाईचं, जिच्या एका आवाजावर आडदांड गडी मागे फिरायचे, घरी चार वर्षांच्या पोरीपुढे काडीचं चालत नव्हतं.

पोरीला घरात भिंगरी म्हणत. का म्हणत, ते तिच्याबरोबर अर्धा तास काढला की कोणालाही कळलं असतं. भिंगरीला गाडीत बसायला आवडायचं. जुनी, रंग उडालेली, दार दोनदा आपटल्याशिवाय न लागणारी ती छोटी गाडी तिला राजवाड्याहून प्यारी होती. मागे तिच्यासाठी खास उंच खुर्ची बसवलेली होती, तिच्यात चढून ती बाहुलीला गाणी म्हणून दाखवायची. पण आईनं “चल, पट्टा बांध” म्हटलं की संपलं. पोरगी पाठीची कमान करायची. खांद्यावरून पट्टा ओढावा तर खालून निसटायची. बळेबळे खटका लावलाच, तर पहिल्या सिग्नलला उघडून मोकळी! आरशात बघावं तर बाईसाहेब खुर्चीवर उभ्या.

उपाय सगळे करून झाले. चॉकलेट दिलं, ते खाल्लं आणि पट्टा काढला. पट्ट्यावर फुलपाखराचं चित्र चिकटवलं, ते सोलून बाहुलीच्या कपाळावर लावलं. “पोलीसकाका पकडतील हं,” अशी भीती घातली, तेव्हापासून ती दिसेल त्या पोलिसाला हात हलवून हाका मारायला लागली. एकदा पालीनं आवाज चढवला. त्यावर भिंगरीनं असा काही गळा काढला की शेजारचा माणूस दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून गॅलरीत आला. पालीनं हात टेकले. तिच्या नाकी नऊ आले.

एका बाबतीत मात्र ती हटली नाही. पट्टा नाही तर चाक नाही. पोरीचा पट्टा लागेपर्यंत गाडीची किल्ली फिरवायची नाही, मग सूर्य डोक्यावर आला तरी बेहत्तर. जिचा जीव रोज पट्ट्यावर टांगलेला असतो, तिला याबाबतीत कोणी शहाणपण शिकवायची गरज नव्हती. पण या हट्टापायी तिला कामावर उशीर व्हायला लागला, आणि तोही नेमका नको त्या वेळी.

कारण टोळीत पाल ‘वरची’ होणार होती. वरचा म्हणजे गच्चीवरचा कारभारी. कोणता दोर कुठून सोडायचा, कोणी कोणत्या रांगेतून उतरायचं, हे तो ठरवतो. प्रत्येकाचा पट्टा तोच तपासतो आणि त्यानं सोडल्याशिवाय कोणी कठड्याबाहेर पाय टाकत नाही. सगळ्यांना सोडलं की शेवटी मुकादमाला वर थांबवून तो स्वतः उतरतो. आजवर या टोळीत वरचे झाले ते सगळे बाप्ये. शहराच्या मध्यभागी नवं हॉस्पिटल उभं राहिलं होतं, सगळं काचेचं, उन्हात डोळे दिपवणारं. त्याचं काम टोळीला मिळालं आणि मुकादमानं सगळ्यांसमोर सांगितलं, “तिथं वरची पाल.” ते ऐकून तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. रोजच दहा-वीस मजले वर असणाऱ्या बाईला आभाळ ठेंगणं वाटायला खरं तर काही निमित्त लागू नये, पण त्या दिवशी ती जमिनीवर उभी होती.

त्यानंतर तीनदा ती उशिरा पोचली. तिसऱ्यांदा मुकादमानं तिला बाजूला घेतलं.

“पाल, तुझ्यासारखी नजर माझ्याकडे दुसऱ्या कोणाची नाही,” तो म्हणाला. “पण वरचीच आली नाही तर बाकीच्यांना काय मी वाऱ्यावर वाळत घालू? हॉस्पिटलच्या दिवशी उशीर झाला तर मी लंबूला वरचा करीन. मग तुला पुन्हा विचारीन की नाही, सांगता येत नाही. राग मानू नकोस.”

“नाही होणार उशीर,” ती म्हणाली. कसा नाही होणार, ते मात्र तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

नवऱ्याची मदत व्हावी तर तो बेकरीत कामाला. जग झोपतं तेव्हा तो भट्टीपुढे आणि जग उठतं तेव्हा तो पिठानं माखलेला घराच्या वाटेवर. भिंगरीला आजवर सासूबाई सांभाळायच्या. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, पोरगी कुठे पळाली ते दिसेना, म्हणून तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला पाळणाघरात घातलं. तेव्हापासून गाडी आली आणि गाडीबरोबर हा पट्टा.

सासूबाईंबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. बाई मनानं लोण्यासारखी, पण त्या घरात एकच पट्टा कधी न थांबता चालायचा आणि तो म्हणजे त्यांच्या जिभेचा. आणि आयुष्यात त्या एकाच गोष्टीला घाबरायच्या, पालीला. भिंतीवर पाल दिसली की या वयातही पलंगावर उभ्या राहायच्या. सुनेला कामावर काय म्हणतात हे मुलाच्या तोंडून निसटलं, त्या दिवशी त्यांनी बजावलं, “माझ्या घरात तो शब्द काढायचा नाही. सून आहे ती माझी, भिंतीवरचा प्राणी नाही.” शेजारीपाजारी त्यांनी सून ऑफिसात जाते असं सांगून ठेवलं होतं. भिंगरीलाही तेच सांगितलं होतं. ते अगदीच खोटं होतं असंही नाही. पाल ऑफिसांमध्ये जायचीच, फक्त बाहेरून.

पालीला ते लागायचं. बोलून दाखवायची नाही, पण लागायचं. आपल्या कामाची आपल्याला जी शान वाटते ती घरात कोणाला वाटू नये, याचं तिला वाईट वाटायचं.

हॉस्पिटलच्या कामाच्या आदल्या दिवशी सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि तेही त्याच नव्या हॉस्पिटलात. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला पुन्हा जायचं होतं. तेव्हा ठरलं असं, की पालीनं कामावर जाताना सासूबाईंना आणि भिंगरीला गाडीतून न्यायचं, नवऱ्यानं बेकरीतून थेट तिथं यायचं, आणि सगळं आटोपलं की त्यानं पोरीला पाळणाघरात सोडायचं. बेत उत्तम होता. त्यात एकच खोट होती आणि ती खिडकीत उभी राहून नाक काचेला लावून बाहेर बघत होती.

संध्याकाळची वेळ. समोरच्या घरात सरदार नावाचा कुत्रा होता, त्याचा मालक त्याच्या गळ्यात पट्टा अडकवून त्याला खांबाला बांधत होता. भिंगरी बराच वेळ गप्प होती. ही पोरगी गप्प म्हणजे काहीतरी शिजतंय, हे आईला ठाऊक होतं, म्हणून ती कपड्यांच्या घड्या टाकून जवळ आली.

“आई, आज तो कोणाला चावला?”

“कोण गं?”

“सरदार. पट्टा बांधला ना त्याला.”

“कोणाला नाही चावला. असाच बांधतात.”

“नाही. चावणाऱ्याला पट्टा बांधतात. आजी म्हणाली.” भिंगरी काचेवर बोट ओढत राहिली. मग आईकडे न बघता अगदी हळू म्हणाली, “मी एकदाच चावले होते. आता नाही चावत. तरी तू रोज बांधतेस.”

पाल तिच्याशेजारी खाली बसली.

पाळणाघरात गेल्याच्या पहिल्या आठवड्यात भिंगरी एका मुलाच्या दंडाला कडकडून चावली होती. लाकडी आगगाडीवरून भांडण झालं होतं. घरी आल्यावर सासूबाईंनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. समोरच्या सरदारकडे बोट दाखवून म्हणाल्या, “बघ, चावणाऱ्याला काय करतात. पट्टा बांधतात!” त्या म्हणाल्या आणि विसरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत आई म्हणाली, “चल, पट्टा बांध.”

दुसऱ्या कुठल्याही घरात त्याला बेल्ट म्हणाले असते. तिचा नवराही बेल्टच म्हणायचा. पण पालीच्या तोंडात पट्टा हाच शब्द बसलेला, कारण टोळीत खांद्यापासून मांड्यांपर्यंत जो बांधतात त्याला सगळे पट्टाच म्हणत. सबंध दिवस तो शब्द तिच्या जिभेवर असायचा. मुकादम म्हणायचा पट्टा, लंबू म्हणायचा पट्टा आणि तीही पट्टाच म्हणायची. तिच्या लेखी जगातला सगळ्यात विश्वासाचा शब्द तो. आणि तोच शब्द वापरून ती पोरीला रोज सकाळी, नकळत, शिक्षा सुनावत होती. लेकरू इतके दिवस हे सगळं एवढ्याशा मनात घेऊन हिंडत होतं. पालीला भडभडून आलं. तिनं पोरीला पोटाशी धरलं तेव्हा पोरगी म्हणाली, “आई, तू मला दाबतेस.”

मग ती उठली. मोठ्या कामाआधी आपला पट्टा घरी आणून धुवायचा, वाळवायचा, शिवण न्‌ शिवण बघायची, ही तिची जुनी पद्धत. दरवेळी भिंगरी झोपल्यावर हे सगळं गुपचूप चालायचं, कारण घरात तर ती ‘ऑफिसात’ जायची. काखेत कळसा म्हणतात तो हा असा. तिनं मागच्या दोरीवरून पट्टा काढून आणला आणि पलंगावर पसरला. रुंद निळ्या पट्ट्या, पोलादी बकलं, पाठीशी मोठी कडी.

भिंगरी डोळे फाडून बघत राहिली.

“हा कोणाचा?”

“माझा.”

“तुझा?” पोरीनं आईकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचा चेहरा अगदी गंभीर झाला. जवळ येऊन तिनं आईच्या गालाला हात लावला आणि विचारलं, “तू कोणाला चावलीस?”

पाल हसली, आणि हसता हसता तिला डोळे पुसावे लागले. नवरा कामावर जायला निघाला होता, तो दारात थबकून बघत राहिला.

“कोणाला नाही गं बाळा,” ती म्हणाली. “हा पट्टा चावणाऱ्याला नसतो. ज्याला पडू द्यायचं नाही, त्याला हा बांधतात.”

“मग सरदारला?”

आता आली का पंचाईत! पण पालीनं क्षणभरच विचार केला. “सरदारचा कुठे असतो?”

“गळ्यात.”

“आणि माझा?”

भिंगरीनं पट्टा चाचपला. “खांद्यावर. आणि इथे. आणि इथे.”

“गळ्यातला असतो ओढायला. खांद्यावरचा असतो धरायला. तुझा गाडीतला कुठे असतो?”

भिंगरीनं दोन्ही हात आपल्या खांद्यांवर ठेवले. मग एकदम म्हणाली, “पण आजी म्हणाली तू ऑफिसात जातेस.”

आतल्या खोलीत सासूबाई एका डोळ्यावर पट्टी बांधून पडल्या होत्या. त्यांना एकाएकी खोकल्याची उबळ आली.

“जाते की,” पाल म्हणाली. “पण बाहेरून. दोरावरून. खूप उंच.”

मग काय, सगळं सांगावंच लागलं. दोर, कठडा, बादली, वारा. आणि टोळीचा नियमही तिनं सांगितला. आपला पट्टा आपण तपासायचा नसतो, कारण आपली पाठ आपल्याला दिसत नाही. दुसऱ्यानं तपासायचा. मागून ओढून बघायचा आणि विचारायचं, “आहे?” ज्याचा असेल त्यानं म्हणायचं, “आहे.” काही चुकलं असेल तर नुसतं ‘च्‌ च्‌’ करायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, तपासणाऱ्याचा पट्टा आधी. ज्याचा स्वतःचा बांधलेला नाही त्याला दुसऱ्याचा तपासायचा हक्क नाही.

भिंगरीच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली. आजवर घरात सगळे तिला तपासायचे. नखं, कान, दात, डब्यातला उरलेला घास. आपणही कोणाला तपासू शकतो हे तिला नवीन होतं. तिनं बाहुलीला पट्टा बांधायला लावला, उशीला बांधला. बाप दारातून सटकत होता, त्याला थांबवून त्याच्या कामाच्या एप्रनची मागची गाठ ओढून पाहिली. गाठ सुटली.

“च्‌ च्‌,” भिंगरी म्हणाली.

“झालं,” नवरा गाठ बांधत म्हणाला. “घरात आता दोन-दोन झाल्या.” पुढचा शब्द आईच्या धाकानं त्यानं गिळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी बाहुली काखेत मारून सगळ्यांच्या आधी गाडीत. खुर्चीत बसली, दोन्ही हात पट्ट्यांतून घातले आणि म्हणाली, “माझा आधी.” खट्‌! खटका तिनं स्वतः लावला. पालीनं आपला लावला आणि मागे वळून तिच्या खांद्यावरचा पट्टा ओढून पाहिला.

“आहे?”

“आहे!”

मग आईची पाळी. भिंगरीनं मान उंचावून तिचा पट्टा बघितला आणि च्‌ च्‌ केलं. पट्ट्याला खांद्यापाशी पीळ पडला होता. पालीनं निमूट पीळ काढला, पुन्हा लावला, “आहे” म्हणाली आणि किल्लीला हात घातला. वेळ अगदी बरोबर होती, मुकादमाच्या आधी पोचता आलं असतं.

“च्‌ च्‌.”

“आता काय गं?”

“आजी.”

सासूबाई भिंगरीशेजारी मागे ऐसपैस बसल्या होत्या, पर्स मांडीवर, पट्टा जागच्या जागी. त्यांनी नाक उडवलं. “मागे बसणाऱ्याला कसला आलाय पट्टा? आणि डोळ्याला आधीच पट्टी आहे, वर आणखी पट्टा कशाला? चल गं, गाडी काढ. तुला उशीर होतोय ना?”

उशीर होतच होता. आरशात पालीला पोरगी दिसली. ती आजीकडे बघत नव्हती. आईकडे बघत होती.

पालीचा हात किल्लीवर होता. एवढीशी फिरवली असती तर झालं असतं. सासूबाई काही लहान नव्हत्या, त्यांना सक्ती करायची ती कोणत्या तोंडानं? आणि आजचाच दिवस तर होता. आज वरचं काम लंबूकडे गेलं तर पुन्हा तिच्याकडे येईल याचा भरवसा मुकादमानंच दिला नव्हता. इतकी वर्षं वारा खाल्ला, हात फोडून घेतले, ते या एका सकाळसाठी. पण किल्ली फिरवली की काल संध्याकाळचा शब्द न्‌ शब्द खोटा ठरणार होता, हेही तिला आरशात स्पष्ट दिसत होतं. गच्चीवर एकाचा पट्टा सैल असताना बाकीच्यांना तिनं कधी सोडलं नव्हतं. तिनं हात किल्लीवरून काढला आणि मांडीवर ठेवला.

“आई,” ती सासूबाईंना म्हणाली, “वरचीनं सोडल्याशिवाय मला हलता येत नाही. आज इथली वरची ती आहे.”

“अगं बाई! म्हणजे आता नातीच्या परवानगीनं...” सासूबाईंच्या जिभेचा पट्टा सुटला. त्यांनी जन्मभर गाडीतून केलेले प्रवास काढले, आजकालच्या आया काढल्या, कंबरेचं दुखणं काढलं. समोरून शेजारी सरदारला फिरवून परत आला. गच्चीवर आता मुकादम घड्याळ बघत असेल, लंबू दोर उलगडत असेल, हे सगळं पालीला बसल्या जागी दिसत होतं.

सासूबाई श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा भिंगरीनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

“आजी, तू चावलीस म्हणून नाही गं,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “ज्याला पडू द्यायचं नाही ना, त्याला बांधतात.”

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं, आणि त्यातून काही बाहेर आलं नाही. हे त्या घरात प्रथमच घडत होतं. एका डोळ्यानं त्या पोरीकडे बघत राहिल्या. आपणच कधीतरी सहज टाकलेलं वाक्य आपल्याला असं उलट फिरून परत भेटेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“बांध बाई, बांध,” त्या पुटपुटल्या. “शेराला सव्वाशेर आहेस.”

त्यांनी पट्टा ओढला, पण एका डोळ्याला खाच काही सापडेना. भिंगरीनं ते टोक हातात घेतलं, जीभ बाहेर काढून नेम धरला आणि दाबलं. खट्‌!

“आहे?”

“आहे, आहे.”

“एकदाच म्हणायचं असतं, आजी.”

पालीनं किल्ली फिरवली. त्या दिवशी तिनं गाडी जोरात मात्र नेली नाही.

हॉस्पिटलच्या गच्चीवर ती धापा टाकत पोचली तेव्हा लंबूच्या हातात दोर होता आणि मुकादमाच्या हातात घड्याळ.

“अजून याला वरचा केलं नव्हतं,” मुकादम म्हणाला. “करणार होतो एवढ्यात.”

लंबूनं हसून दोर तिच्यापुढे धरला. “घे गं बाई. वरचं होऊन सगळ्यांच्या पाठी बघत बसायचा मला कंटाळा.”

पालीनं आधी स्वतःचा पट्टा चढवला. मग एकेकाला समोर उभं केलं. मांडी, कंबर, खांदा, पाठीची कडी. एकाचं बकल अर्धंच बसलेलं, ती चुकचुकली, ते पुन्हा बसवलं. “आहे?” “आहे.” एकेक करून तिघे कठड्यापलीकडे गेले. कोणता दोर कुणाचा हे ठरवायचा मान वरचीचा, आणि डोळ्यांच्या विभागावरून उतरणारा दोर तिनं स्वतःसाठी ठेवला होता. शेवटी मुकादमानं तिची पाठ तपासली. कडी ओढून पाहिली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

“आहे?”

“आहे,” ती म्हणाली आणि बाहेर पाय टाकला.

वारा बेताचा होता. ती मजल्यामागून मजला उतरत गेली, काचेला साबण लावायचा, रबराच्या पुसणीनं वरून खाली ओढायचा, पुढची काच. डोळ्यांच्या विभागाशी आली तेव्हा तिनं साबण लावला आणि पहिली ओढ घेतली. फेसातून आतली खोली उघडी पडली. बाकं, बसलेली माणसं, पिठानं पांढरा झालेला नवरा. आणि काचेपाशी, हातभर अंतरावर, भिंगरी.

पोरगी ओरडली नाही, नाचली नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून तिनं आईचा पट्टा बघायला सुरुवात केली. मांड्या बघितल्या, कंबर बघितली, खांदे बघितले. मग एक बोट उचलून हवेत गोल फिरवलं. वळ.

पालीनं पायानं काचेला हलकंसं रेटलं आणि दोरावर सावकाश वळून पाठ दाखवली. पुन्हा समोर आली तेव्हा पोरीचे ओठ हलले. “आहे?”

“आहे,” पाल म्हणाली. काचेतून आवाज जात नव्हता, पण पोरीनं मान डोलवली आणि मगच दोन्ही तळवे काचेला लावले. पालीनं आपले साबणाचे हात बाहेरून त्यांच्यावर टेकवले. ऊर भरून येणं म्हणजे काय ते तिला त्या उंचीवर कळलं.

मागून सासूबाई आल्या. डोळ्यावरची पट्टी निघाली होती. नव्या डोळ्यात अजून पाणी होतं, तो उघडमीट करत त्या काचेच्या अगदी जवळ आल्या. भिंतीवर पाल दिसली की पलंगावर चढणारी ही बाई. त्यांनी सुनेला बघितलं, तिच्या पायांखालची पोकळी बघितली, पुन्हा सुनेला बघितलं आणि भिंगरीच्या तळव्याशेजारी आपला सुरकुतलेला तळवा ठेवला.

मग त्या वळल्या. बाकांवरच्या माणसांकडे तोंड करून, सुनेकडे हात करून, त्यांनी बोलायला सुरुवात केली. आवाज येत नव्हता, पण जिभेचा पट्टा कसा चालला आहे हे त्यांच्या हातवाऱ्यांवरून दिसत होतं. माणसं माना उंच करून बघायला लागली. एका म्हाताऱ्यानं चष्मा पुसून पुन्हा घातला. नर्स हातातलं काम टाकून आली. नवरा हसत होता आणि पिठाच्या हातानं डोळे पुसून चेहरा आणखी पांढरा करत होता. आजवर ज्या जिभेपासून पाल पळायची, तिचा एक शब्द ऐकायला मिळावा म्हणून तिनं त्या वेळी काय वाट्टेल ते दिलं असतं.

एवढ्यात कोणीतरी पालीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. सासूबाई ताठ झाल्या. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि एकच शब्द म्हणाल्या, सावकाश, सगळ्यांना कळेल असा. आधी ओठ घट्ट मिटले. मग तोंड मोठं उघडलं. आणि शेवटी जीभ उचलून टाळ्याला लागली.

तो शब्द पालीनं बाहेरून वाचला.

ती काच तिनं दोनदा पुसली.